हवा तेव्हा पाठ

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज विभागाच्या बैठकीत मी हात वर केला, तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी खुर्चीवर चढून गाणंच म्हणायला लागलोय.

कुलगुरूंची नवी योजना आली आहे. नाव 'हवा तेव्हा पाठ'. वर्गात शिकवतो तेच कॅमेऱ्यासमोर शिकवायचं, ते विद्यापीठाच्या साइटवर ठेवायचं आणि विद्यार्थ्याने ते वाटेल तेव्हा बघायचं. अंथरुणात लोळत, जेवता जेवता, मध्येच थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुन्हा. विभागप्रमुखांनी विचारलं, "सुरुवात कोण करणार?" हा माझाच जुना विद्यार्थी. मनातल्या मनात मी त्याला गुळगुळीत म्हणतो, कारण त्याला कुठेच काही चिकटत नाही. त्याचा प्रश्न ऐकून सगळ्यांना टेबलाच्या लाकडात एकदम रस वाटायला लागला. मी हात वर केला. प्रत्येक नव्या गोष्टीला नाक मुरडणारा म्हणून माझी ख्याती आहे. त्यामुळे गुळगुळीतसुद्धा क्षणभर अडखळला.

खरं कारण फक्त इथे लिहितो. कॅमेरा प्रश्न विचारत नाही.

माझा डावा कान दोन वर्षांपासून संपावर आहे आणि उजवा अर्धवेळ कामावर येतो. मागच्या बाकावरून कुणी काही विचारलं की मला नुसते ओठ हलताना दिसतात. मग मी म्हणतो, "चांगला प्रश्न आहे. बाकीच्यांना काय वाटतं?" आणि फळा पुसायला लागतो. मुलांना वाटतं, सर विचार करायला लावतात. दुसऱ्या गावच्या एका कानाच्या डॉक्टरांना दाखवून आलो होतो. त्यांनी दिलेली यंत्रं कपाटात मोज्यांच्या खणात आहेत. आमच्या विभागात एक जण कानाला यंत्र लावून यायचे. मुलं त्यांना रेडिओ म्हणायची. पुढे त्यांना वर्गावरून उचलून परीक्षा विभागात बसवलं, आणि तिथूनच ते निवृत्त झाले. मला परीक्षा विभागात बसायचं नाही. मला माती शिकवायची आहे. इमारतीखालची माती किती वजन पेलते, कधी दगा देते, एवढं एकच मला नीट येतं.

घरी येऊन बायकोला बातमी दिली. ती काहीतरी म्हणाली. मी "हं" म्हणालो. ती वळली आणि म्हणाली, "अहो, बहिरे झालात का? चहा टाकू का विचारतेय." हे ती लग्नापासून म्हणत आली आहे, माझे कान ठणठणीत होते तेव्हापासून. त्यामुळे दचकायचं काही कारण नाही. तरी दचकलो.

तिला माहीत नाही. तिला वाटतं, माझं लक्ष नसतं. ते मी वाटू दिलंय. विसरभोळ्या प्राध्यापकाला जग सांभाळून घेतं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

स्टुडिओ म्हणजे प्रयोगशाळेची जुनी अडगळीची खोली. भिंतींना काळा स्पंज डकवलाय, मध्ये टेबल, वर दोन दिवे, समोर कॅमेरा. काचेपलीकडे एक छोटी केबिन. तिथे बसणारी बाई आमचं बोलणं ध्वनिमुद्रित करते आणि नंतर त्यातला फापटपसारा कापते. म्हणून मी तिचं नाव कात्रीबाई ठेवलं. तोंडावरच सांगितलं. तिला आवडलं.

तिने माझ्या डोक्यावर हेडफोन चढवले, आत गेली आणि काचेमागून म्हणाली, "सर, ऐकू येतंय?"

मला रडू फुटेल असं वाटलं. ऐकू येत होतं! एकेक अक्षर सुटं सुटं, तिचा श्वास, तिच्या खुर्चीची करकर. किती दिवसांनी मी कुणाचा 'स' असा ऐकला. मी म्हणालो, "जरा आवाज वाढवा, मला मोठा लागतो." ती म्हणाली, "सगळ्या सरांना मोठाच लागतो." बस, एवढ्यावर भागलं.

काचेच्या बरणीत माती आणि पाणी घेऊन पहिला पाठ केला. मध्ये सवयीने विचारलं, "कळलं?" आणि थांबलो. थांबून राहिलो. हेडफोनमध्ये आवाज आला, "सर, इथे कुणी उत्तर देणार नाहीये. पुढे चला." हसू आलं. आणि खरं सांगायचं तर खांदे इतके हलके झाले की घरी चालत आलो.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पहिला पाठ आज साइटवर चढला. दुपारपर्यंत बऱ्याच जणांनी बघितला. गुळगुळीत स्वतः येऊन हात मिळवून गेला.

संध्याकाळी बायको ओट्याशी भांडी विसळत होती, माझ्याकडे पाठ करून, नळ सोडलेला. ती ग्रंथालयात नोकरी करून गेल्या वर्षी निवृत्त झाली. आयुष्यभर वाचनकक्षात दबक्या आवाजात बोलल्यामुळे तिचा आवाज कायम खालच्या पट्टीत. पूर्वी मला तो फार आवडायचा. आता त्याच्याइतका वैरी आवाज दुसरा नाही.

तिने नळ बंद केला आणि वळता वळता म्हणाली, "पाठ आहे." हात डाव्या कुशीकडे, वर काखेपर्यंत गेला. पाठ आहे म्हणजे? पाठ धरलीय म्हणायचं असणार. सकाळी गादी उचलत होती, तेव्हाच मी म्हटलं होतं की वाकू नकोस.

मी म्हणालो, "शेक घे. बरं वाटेल."

आणि नुसतं बोलून थांबलो नाही. उठलो, पाणी गरम केलं, शेकाची रबरी पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळून तिच्या हातात दिली. नवऱ्याने आणखी काय करायचं असतं? ती त्या पिशवीकडे बघत बसली. मग वर बघून म्हणाली, "एवढंच?" हे मला नीट कळलं, समोर होती ना. म्हणून आत जाऊन मलमाची ट्यूबही आणून दिली.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

बायको वरच्या मजल्यावरच्या बाईंना घेऊन डॉक्टरकडे जाऊन आली. मला सांगून गेली असणार. परत आली तेव्हा स्वेटरच्या गळ्यातून पांढऱ्या पट्टीची कड दिसत होती. पाठदुखीच्या औषधी पट्ट्या मिळतात, त्यातली मोठी लावून दिलेली दिसते.

जेवताना तिने डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. बरंच सांगितलं. शेजारी मिक्सर चालू होता आणि ती ताटाकडे बघून बोलत होती, त्यामुळे ओठही नीट दिसेनात. माझी पद्धत ठरलेली आहे. वाक्य संपल्यासारखं वाटलं की 'हं'. आवाज चढला की 'अरेरे'. समोरचा हसला की हसायचं. आजवर कधी पकडला गेलो नाही. आज ती बोलता बोलता शेवटी जराशी हसली, मग मीही हसलो.

तिने अर्धं ताट तसंच उचललं आणि आत गेली. दुखण्याने माणसाची भूक जाते, हे खरं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

पाठांखाली विद्यार्थी शेरे लिहितात. आज एकाने लिहिलंय, "सर भिंतीशी बोलत आहेत असं वाटतं." त्याला बऱ्याच जणांनी अंगठा दाखवलाय, म्हणजे चांगल्या अर्थाने.

वर्गात आज समोरच्या बाकावर दोन मुली आणि मागे एक झोपलेला. बाकीचे म्हणे 'हवं तेव्हा' बघणार आहेत. गुळगुळीतने बाहेर गाठून सांगितलं की पुढच्या वर्षी ह्या विषयाचा वर्ग भरवायचाच नाही असं वरती ठरतंय. "तुमचे पाठ आहेतच ना, सर. पाठ म्हातारे होत नाहीत." मला आनंद व्हायला हवा होता. हेच तर हवं होतं मला. रिकाम्या वर्गातला फळा मात्र मी दोनदा पुसला.

कात्रीबाईचं म्हणणं असं की शेवटच्या पाठांना समोर कुणीतरी जिवंत माणूस बसवू. "तुम्हाला माणूस दिसलं की तुम्ही वेगळेच बोलता, सर."

घरात बोलणं कमी झालंय. माझी काही तक्रार नाही, कमी बोलणं मला परवडतं. पण पूर्वी ती वर्तमानपत्र वाचताना मधलं मधलं वाचून दाखवायची. तेही बंद झालंय. कशाने रुसली आहे, कोण जाणे.

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज अबोला सुटला. मी बूट काढत होतो तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सोमवारी काढणार आहेत."

बरं वाटलं. कालच कात्रीबाईने सांगितलं होतं की शेवटचा पाठ सोमवारी काढायचा. म्हणजे विद्यापीठातलं कुणीतरी घरी फोन करतं तर, आणि ही तारखा लक्षात ठेवते. वर रुसल्याचं दाखवते. मी म्हणालो, "हो, कळलंय मला. एकदाचं काढून झालं की सुटलो. किती दिवस तेच ते चाललंय."

ती म्हणाली, "वरच्या बाई येणार आहेत सोबत."

वरच्या बाईंना चित्रीकरण बघायचंय! त्यांना कुठेही नाक खुपसायची हौस. मी म्हणालो, "कशाला गर्दी? ते एकट्याचं काम असतं. बाकीच्यांची अडचणच होते."

ती काहीतरी बोलली, अगदी हळू. मी 'हं' केलं.

नंतर मुलीचा मेसेज आला. ती लांब राहते. तिचे फोन मी घेत नाही, 'आईशी बोल' म्हणून पुढे करतो. मेसेज मात्र चोख वाचतो. "बाबा, सोमवारी तुम्ही आहात ना? मला रजा मिळत नाहीये, जीव तिळतिळ तुटतोय." एका पाठासाठी पोरीचा जीव तुटावा! बापाचं कौतुक असतं मुलींना. मी लिहिलं, "अगं, एवढं काय त्यात. नंतर बघ निवांत, हवं तेव्हा."

तिचं उत्तर आलं नाही. कामात असेल.

मग मला सुचलं. कात्रीबाईला समोर जिवंत माणूस हवंय, आणि घरात आहे की! बायकोसमोर जाऊन, तिच्याकडे तोंड करून विचारलं, "शुक्रवारी येशील का स्टुडिओत? माझ्यासमोर बसायचं, एखादा प्रश्न विचारायचा." तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "येईन," म्हणाली. "शुक्रवारी चालेल."

शुक्रवार, २० फेब्रुवारी

घाईत लिहितोय, अक्षर लागणार नाही. लागलं नाही तरी चालेल.

मी केबिनमध्ये कात्रीबाईच्या खुर्चीशेजारी बसलो होतो, हेडफोन लावून. तिनेच बसवलं होतं, चौकट कशी दिसते ते बघायला. बायको काचेपलीकडे दिव्याखाली, तो राखाडी स्वेटर घालून. कात्रीबाई तिच्या गळ्याशी माइक अडकवायला आत गेली. चिमटा डावीकडे लावायला लागली तशी बायको आक्रसली.

माझ्या कानात आवाज आला. इतका जवळून की तोंड माझ्या कानाला लागलंय असं वाटावं. माझ्या बायकोचा आवाज, ग्रंथालयातला, खालच्या पट्टीतला. किती दिवसांनी!

"तिथे नको हं, बाई. तिथे गाठ आहे."

ग. गवताचा ग.

कात्रीबाईने हात मागे घेतला. "गाठ? काकू, म्हणजे..."

"सोमवारी काढणार आहेत. तुकडा तपासून आला, चांगली नाहीये म्हणाले. कुठवर गेलीय ते काढल्यावर कळेल."

"सर काहीच बोलले नाहीत."

"त्यांना माहीत आहे सगळं." ती हसली. तेच हसू. आज ते मला दिसलंही आणि ऐकूही आलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "पहिल्यांदा सांगितलं तर शेकाची पिशवी दिली. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं तर हसले. सोमवारचं सांगितलं तर म्हणाले, एकदाचं काढून झालं की सुटलो. वरच्या बाई सोबत येतात म्हटलं, तर म्हणे कशाला गर्दी, एकट्याचं काम आहे."

"असं म्हणाले सर?"

"माणूस वाईट नाही हो. घाबरला की असा होत असेल. इतकी वर्षं मला कळलं नाही, एवढंच."

मी हेडफोन काढले. समोर दोन बायका नुसते ओठ हलवत होत्या. काच, शांतता. परत लावले. परत तिचा श्वास.

कात्रीबाई केबिनमध्ये आली. माझ्याकडे बघितलं तिने, आणि त्या नजरेत जे होतं ते मी विसरणार नाही. मग तिचं लक्ष माझ्या डोक्यावरच्या हेडफोनकडे गेलं आणि तिने खाली बघितलं.

मला बोलायला हवं होतं. तिथेच, काच फोडून. मी काय केलं? मी आत गेलो, टेबलाशी उभा राहिलो आणि पाठ दिला. सवयच ती. मी कागदावर लिहून दिलेला प्रश्न बायकोने वाचला, "इमारत खचतेय हे आधी कळतं का?" आणि मी सांगितलं, कळतं. आधी दारं घासायला लागतात. खिडक्या नीट बसत नाहीत. भिंतीत कोपऱ्यातून तिरकी रेघ उमटते. लोक म्हणतात, हवेने लाकूड फुगलंय. सुताराला बोलावतात, दार तासून घेतात, आणि खाली माती...

पुढचं आठवेना. कात्रीबाई कानात म्हणाली, "राहू द्या सर. थांबू या."

घरी येताना बायको म्हणाली, "छान सांगितलंत." ते मला ओठांवरून कळलं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

सकाळपासून मागची पानं वाचतोय. 'पाठ आहे.' माझ्याच हाताने लिहिलंय, ठळक. काखेपर्यंत गेलेला तिचा हातसुद्धा मीच लिहिलाय. मलमाची ट्यूब मीच लिहिलीय. आणि त्या वेळी मला स्वतःचं कौतुक वाटत होतं!

दोनच गोष्टी सांगता येतात तिला. एक, मी ऐकलं आणि तसं बोललो. म्हणजे मी दगड. दुसरी, मी ऐकलंच नाही. मग पुढचं सगळंच सांगावं लागेल. मोज्यांचा खण, दुसऱ्या गावचे डॉक्टर, दोन वर्षांचं 'हं'. तिने जे जे म्हणून मला सांगितलं आणि मी मान डोलावली, ते ती एकेक करून आठवायला लागेल. कोणत्या बोलण्याचं उत्तर खरं होतं आणि कोणत्याचं नाही, कसं कळणार तिला? मलाच माहीत नाही.

बहिरा की दगड? आज दिवसभर मी दगड राहिलो. लिहायला लाज वाटते, पण राहिलो.

गुळगुळीतला मेसेज टाकला की सोमवारी येणार नाही. त्याचं उत्तर लगेच आलं: काळजी नसावी, टिपणं तयार आहेतच, दुसरं कुणीही वाचून पाठ पुरा करेल. मुलीला लिहिलं, सोमवारी मी आईबरोबर आहे. तिने फक्त "बरं" लिहिलं. 'बाबा' लिहिलं नाही.

बायकोला म्हणालो, "सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर. वरच्या बाईंनाही घे." ती पिशवीत कपडे भरत होती. थांबली, आणि खाली मान घालून काहीतरी बोलली.

मी मान डोलावली. आजही! अशी सवय लागलीय की मान माझी राहिलेलीच नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहितोय. ही वही पिशवीत कशी आली माहीत नाही. मीच टाकली असणार.

निघण्यापूर्वी मोज्यांचा खण उघडून यंत्रं काढली. कानात घातली. काही नाही. बॅटऱ्या पडून पडून मेल्या होत्या. नव्या आणायला वेळ नव्हता, तशीच खिशात टाकली.

इथे येईपर्यंत एक गोष्ट डोक्यात आली नव्हती. इथे सगळ्यांच्या तोंडावर मास्क असतो. परिचारिका, वॉर्डबॉय, अर्ज घेणारा माणूस, सगळे नुसते डोळे घेऊन फिरत होते. ओठ कुठेच नाहीत. वरच्या बाई होत्या म्हणून निभावलं. कुणी काही विचारलं की मी त्यांच्याकडे बघायचो आणि त्या उत्तर द्यायच्या. त्यांनाही वाटलं असेल, घाबरलाय बिचारा. तिला आत नेलं. जाताना तिने माझं मनगट धरलं आणि सोडलं.

वरच्या बाई चहा आणायला खाली गेल्या आणि नेमके तेव्हाच डॉक्टर बाहेर आले. हिरवे कपडे, तोंडावर मास्क, थकलेले डोळे. माझ्यासमोर उभे राहून बोलायला लागले. खूप वेळ बोलले. एकदा हाताने स्वतःच्या काखेजवळ दाखवलं. एकदा दोन बोटांत माप दाखवलं, पण ते मोठं की लहान, ते काढलेल्याचं की राहिलेल्याचं? डोळ्यांवरून काही कळेना. मी 'हं' म्हणालो. मी 'बरं' म्हणालो. शेवटी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर हात चांगलं सांगताना ठेवतात की वाईट? मी मान डोलावली आणि ते गेले.

दार बंद झालं. माझ्या बायकोचं काय होणार हे मला कुणीतरी समोर उभं राहून सांगून गेलं होतं, आणि मी मान डोलावली होती.

वरच्या बाई चहा घेऊन आल्या. "काय म्हणाले?" म्हणून त्यांनी विचारलं असणार. मी म्हणालो, "शुद्धीवर आली की भेटा म्हणाले." खोटं. तरीही खोटं!

थोड्या वेळाने मला तिच्याजवळ सोडलं. ओठ सुकलेले, डोळे अर्धे उघडे. इथे एक बरं होतं, तिच्या तोंडावर काही नव्हतं. मी खुर्ची ओढून बसलो. ती बोलली. आवाज तर नव्हताच, ओठही जेमतेम हलले. मी मान डोलवायला निघालो होतो. ती मध्येच धरली. माझ्याच हाताने हनुवटी धरली, अक्षरशः.

"काय म्हणालीस?" मी म्हणालो. "पुन्हा सांग."

ती पुन्हा बोलली. कळलं नाही.

"पुन्हा सांग."

तिने डोळे मिटले, दम घेतला, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली. आता कळलं. "डॉक्टर काय म्हणाले?"

मी खिशातली यंत्रं चाचपली. तिच्या कपाळावर आठी आली, ती जुनी, ओट्याशी उभी असताना येते ती. इतक्या ग्लानीतही ती आली ह्याचं मला बरं वाटलं. म्हणाली, "अहो, बहिरे झालात का?"

"हो," मी म्हणालो.

मी खिशातून ती दोन यंत्रं काढून चादरीवर ठेवली. सगळं सांगितलं, उलटसुलट, कसंही. म्हणालो, दोन वर्षं झाली. म्हणालो, तू गाठ म्हणालीस आणि मी पाठ ऐकलं. सोमवारी काढणार म्हणालीस, मला वाटलं व्हिडिओ. शुक्रवारी स्टुडिओत, हेडफोनमध्ये, पहिल्यांदा ऐकलं.

तिचे ओठ हलले. ह्या वेळी मला पुन्हा विचारावं लागलं नाही.

"म्हणून ती पिशवी," ती म्हणाली.

आणि तिला हसू आलं की रडू आलं, मला सांगता येत नाही. टाके ओढले गेले तशी तिने माझा हात गच्च धरला. मग मला खाली ओढलं, तोंड माझ्या उजव्या कानाशी आणलं आणि जेवढा जोर होता तेवढा लावून विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"मला ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "विचारून येतो."

डॉक्टर आता दुसऱ्या शस्त्रक्रियेत आहेत. त्यांच्या दारासमोर बसलोय. वरच्या बाईंनाही खरं काय ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मी थांबते, मी विचारते." मी नको म्हणालो. दार उघडलं की उठायचं, वाट अडवून उभं राहायचं आणि सांगायचं: मला ऐकू येत नाही. तोंडावरचा मास्क काढा आणि पुन्हा सांगा.

दार उघडतंय.